क्षयरोग, छावणी आणि सहा महिन्यांचा प्रश्न

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये त्यांना घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं. तिथून इराणमार्गे ते आपल्याकडे आले. बंद मालडबे, गर्दी, उपासमार. क्षयाला आणखी काय हवं? जंतू पुष्कळांच्या शरीरात निजलेला असतो, अन्न तुटलं की उठतो.

फुप्फुसाचं दुखणं असलेल्यांना पाचगणीला पाठवत. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्येच तिथे बेल-एअर आरोग्यधाम काढलं होतं. क्षय म्हटलं की पाचगणी, असं तेव्हा होतंच. पण औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं तेच मुळी १९४३ मध्ये, तेही अमेरिकेत. इथे देण्यासारखं होतं ते हवा, सकस अन्न, विश्रांती आणि वेळ. त्यातला वेळ आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्या माणसांना काही वर्षं एका जागी राहता आलं.

आज उलट आहे. औषध आहे, जागा नाही. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं, की गरिबाच्या दाटीच्या घरात राहून गोळ्या घेतल्या तरी रोगी आरोग्यधामाइतकाच बरा होतो. मोठी गोष्ट! पण त्यात घर गृहीत धरलेलं आहे. साध्या क्षयाला सहसा सहा महिने गोळ्या लागतात. इथे घोडबंदरला बांधकामावरचा मजूर काम सोडून गावी गेला, तर त्याची नोंद तिकडच्या केंद्रावर पाठवता येते. युद्धातून पळणाऱ्याची कुठे पाठवणार? दवाखानाच जळालेला असतो.

उपचार मध्येच तुटले, तर जंतू औषधांना दाद देईनासा होतो आणि तोच पुढे इतरांना लागतो. म्हणून निर्वासितांसाठीच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं, की छावणी निदान सहा महिने टिकेल असं दिसलं, तरच क्षयाचा कार्यक्रम सुरू करा. हिशेब चुकीचा नाही. पण समोर रक्त ओकणारी बाई बसली आहे. तिला 'तुमची छावणी टिकेल की नाही सांगता येत नाही, म्हणून गोळ्या नाहीत' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? जे संकट तिने आणलं नाही, त्याची शिक्षा तिलाच का? आणि गोळ्या नाकारल्या म्हणून तिच्यापासून होणारा संसर्ग काही थांबत नाही.

आमचं मत असं, की प्रश्न 'द्यायचं की नाही' हा नाहीच. तुटू नये म्हणून काय करायचं, हा आहे. काही ठिकाणी रोग्याला काही आठवड्यांच्या गोळ्या आणि उपचारांची चिठ्ठी आधीच बांधून देतात. गोळीबार सुरू झाला की ते पुडकं उचलायचं आणि निघायचं. पुढच्या गावचा डॉक्टर चिठ्ठी वाचून तिथूनच उपचार पुढे चालवतो.