पोटाखालचे ओझे

बारामती-इंदापूरकरांना विमानाची घरघर नवी नाही. बारामतीला शिकाऊ वैमानिक धडे गिरवतात. २५ जुलै २०२२ रोजी त्यांचे एक छोटे विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. चालवणारी तरुणी सुदैवाने बचावली.

हेलिकॉप्टरने पोटाखाली ओझे टांगले, की मात्र धोक्याची तऱ्हाच बदलते. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. मोट हिंदकळली, की नाड्याचा हिसका बैलांना बसतो. इथे बैल म्हणजे खुद्द हेलिकॉप्टर, अन् तेही अधांतरी! जड, आटोपशीर ओझे त्यातल्या त्यात बरे. फोफशे, हलके ओझे वाऱ्यावर झोके घेते. म्हणून वैमानिकाच्या हाताशी आकडा सोडण्याची कळ असते.

३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथजवळ हवाई दलाचे एमआय-१७ एक नादुरुस्त हेलिकॉप्टर असेच नेत होते. वाऱ्याने तोल जाऊ लागला, तेव्हा ते ओझे दरीत सोडून द्यावे लागले. कोणी दगावले नाही. ओझ्याच्या वाटेखाली माणूस नको म्हणतात, ते यासाठीच.

जमिनीवरच्या गड्याचीही कसोटीच! पाती फिरताना यंत्रावर वीज साठते. ती आधी जमिनीत न उतरवता आकड्याला हात लावला, तर चांगला धट्टाकट्टा गडीही आडवा होतो.