नदीचे पात्र आणि उद्याचा नकाशा

खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी वसलेल्या जुन्या इंदुरातील पावसाचे पाणी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून उत्तरेस जात उज्जयिनीनजीक क्षिप्रेस मिळते आणि चंबळ व यमुना यांच्या वाटेने अखेर गंगेस पोहोचते. याच गंगेस पुढे बिहारात मिळणाऱ्या कोसीने सुमारे दोनशे वर्षांत आपले पात्र शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस सरकविले. माळव्याच्या नद्यांना तळाशी काळ्या पाषाणाचा आधार असल्यामुळे त्या इतक्या स्वैर होत नाहीत. परंतु त्यांच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात ढासळते, म्हणून पात्र उद्या कोठे असेल हा प्रश्न येथेही गैरलागू नाही.

नदीचे स्थलांतर दोन प्रकारचे असते, हे शास्त्रज्ञांच्या आधी महसुली कारभाराने ओळखले होते. बंगालच्या 1825 च्या अकराव्या रेग्युलेशनने असे ठरविले की, नदीने हळूहळू टाकलेल्या मळईची जमीन लगतच्या धारकाकडे जावी. पण प्रवाहाने एकाएकी मार्ग बदलून ओळखू येण्याजोगा जमिनीचा तुकडा पलीकडे टाकला, तर त्यावरील मूळ मालकाचा हक्क कायम राहावा.

यांतील पहिल्या प्रकाराचे गणित मांडता येते. वळणावर वेगवान पाणी बाहेरचा काठ कातरते आणि आतल्या बाजूस वाळू साचते. काठ किती झिजेल हे त्याला लागून वाहणाऱ्या पाण्याच्या वाढीव वेगाच्या प्रमाणात असते, असे धरून इकेदा, पार्कर व सावाई यांनी 1981 मध्ये समीकरणे सिद्ध केली. मात्र मातीचा चिवटपणा पावलोपावली बदलतो आणि पुढील तीस पावसाळ्यांचे पूर आज कोणासही ठाऊक नसतात. म्हणून अभ्यासक एकच उत्तर काढीत नाहीत. मातीची व पुरांची संभाव्य मूल्ये बदलून तेच गणित सहस्रावधी वेळा करतात आणि प्रत्येक जागी पात्र किती वेळा आले ते मोजतात. नकाशावर उमटतो तो संभाव्यतेचा पट्टा, आणि काळ जसजसा पुढे जातो तसतसा तो रुंदावतो. जुने सर्व्हे नकाशे व 1972 पासूनची उपग्रहचित्रे या गणिताची परीक्षा घेतात: भूतकाळातील पात्रे ज्या पट्ट्यात बसत नाहीत, त्याच्यावर भविष्याची भिस्त ठेवता येत नाही.

दुसऱ्या प्रकाराची वेळ मात्र सांगता येत नाही. धोका वाढत आहे एवढेच ओळखता येते. कोसीला बांधांत कोंडल्यावर गाळ पात्रातच साचत गेला आणि तळ आसपासच्या भूमीहून उंच झाला. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळातील कुसहा येथे बांध फुटला, तेव्हा पूर बांधाच्या संकल्पित मर्यादेहून पुष्कळ लहान होता. तरीही नदी आपल्या जुन्या पूर्वेकडील वाटांना लागली आणि लक्षावधी माणसे निराश्रित झाली. वेळ अज्ञात होती, पण उंचावलेला तळ मोजता येत होता.

म्हणूनच अज्ञान कमी करणारा प्रत्येक पुरावा मोलाचा ठरतो. पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि त्यांचे सहकारी यांनी नर्मदेच्या घळईत, पूर ओसरताना आडोशाला बसलेल्या गाळाच्या थरांवरून, दप्तरात नोंद नसलेल्या प्राचीन महापुरांचा हिशेब लावला. अशा शोधामुळे पुढील पुरांचा अंदाज मोजक्या दशकांच्या नोंदींवर अवलंबून राहत नाही.

पॅट्रिक गेडीस यांनी 1918 मध्ये होळकर दरबारास सादर केलेल्या अहवालात इंदूर शहराच्या नद्यांची सुधारणा नगररचनेचाच भाग मानली होती. आज त्या विचारात एका गोष्टीची भर घालावयास हवी. भाकीत अनिश्चित आहे ही सबब पुढे करून काठापर्यंत इमारती चढविणे गैर आहे. अनिश्चितता जेवढी मोठी, तेवढी अधिक जागा नदीसाठी राखली पाहिजे. संभाव्यतेचा पट्टा विकास आराखड्यात आणि महसुली नकाशात रीतसर उतरवावा, तेथे बाग, गवत वा शेती असावी, कायम वस्ती नसावी, आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर तो पट्टा पुन्हा आखावा.