सावरपाड्याहून राष्ट्रीय ट्रॅकवर

शहापूर तालुक्यातल्या आटगावहून कसारा घाट ओलांडला की नाशिक जिल्हा लागतो. तिथल्याच सावरपाड्याची धावपटू कविता राऊत. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती घडली. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरमध्ये, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकच्या 25 फेऱ्यांत, कांस्यपदक जिंकलं; त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य!

विजेंद्र सिंग यांच्याच हाताखाली घडलेली संजीवनी जाधव 2017 मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरला तिसरी आली.

घाटाच्या अलीकडच्या शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठीही राष्ट्रीय ट्रॅकची वाट आहे ती राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धेची. तिथे 14 आणि 16 वर्षांखालील मुलं थेट जिल्ह्याच्या संघातून धावतात. त्यामुळे पालकांनो, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडे जिल्हा निवड चाचणीची तारीख विचारा.