व्हिनेगर शिरलं नाही तिथं

हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन ल्यूवेनहॉक यानं १६८३ मध्ये स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा मळ भिंगाखाली धरला, तर त्यात जीव वळवळत होते. व्हिनेगरनं चुळा भरूनही ते तसेच राहिले. पण तोच मळ थुंकीत कालवून त्यावर व्हिनेगर टाकलं, तेव्हा ते पटापट मेले. चूळ भरताना व्हिनेगर थराच्या आत शिरतच नाही, हे त्यानं तिथंच ओळखलं. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं, कारण आजच्या प्रत्येक माऊथवॉशची अडचण तीच आहे.

दंतवैद्य लिहून देतात त्यातलं सर्वांत भरवशाचं द्रव्य क्लोरहेक्सिडिन. त्याच्या रेणूवर धनभार असतो, जीवाणूच्या कवचावर ऋणभार. रेणू कवचाला चिकटतो, पटल सैल करतो आणि आतलं पोटॅशियम पाझरू लागतं. मात्रा जास्त असेल तर पेशीतला रस साकळतो आणि जीवाणू मरतो. पण मारणारी रसायनं पुष्कळ आहेत. याचं खरं बळ टिकण्यात आहे. चूळ थुंकून टाकली तरी ते दातांवर आणि गालांच्या आतल्या त्वचेवर बसून राहतं आणि तासन् तास थोडंथोडं सुटत असतं. डेन्मार्कमध्ये १९७० साली हेराल्ड लो आणि शॉट यांनी दाखवलं, की ०.२ टक्क्याच्या द्रावणानं दिवसातून दोनदा मिनिटभर चूळ भरली, तर ब्रश न करताही स्वच्छ दातांवर थर धरत नाही. स्वच्छ दातांवर, हे महत्त्वाचं; आधीच जमलेल्या थरापुढं तेही ल्यूवेनहॉकच्या व्हिनेगरसारखंच अडतं.

कँडिडा या बुरशीवरही ते चालतं. माझ्या आजीच्या कवळीखाली टाळू लालभडक झाला होता, तो याच बुरशीनं. कवळी रात्रीही तोंडातच असायची. नुसत्या गुळण्यांनी भागलं नाही. कवळी रोज घासून रात्री काढून ठेवायला लागल्यावर लाली उतरली. बुरशीवरचं निस्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण ही दोन औषधं एकमेकांना निकामी करतात.

काही माऊथवॉशमध्ये थायमॉल असतं. आपल्या ओव्याचा झणझणीत वास त्याचाच. तेही जंतूंचं पटल फोडतं, पण क्लोरहेक्सिडिनइतकं चिकटून राहत नाही.

चिकटण्याची किंमतही आहे: चहा-कॉफी पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, चव काही काळ बिघडते. म्हणून डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस ते वापरायचं. आणि आधी ब्रश करून खळखळून तोंड धुवायचं, मग अर्धा तास थांबायचं. पेस्टला फेस आणणाऱ्या द्रव्यावर ऋणभार असतो. क्लोरहेक्सिडिन जंतूंऐवजी त्यालाच जाऊन चिकटतं.