लांडगा आला रे आला! एका भयपटाविषयी प्रेक्षकांची मते

भयपट म्हटला की घराघरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "असले काय पाहायचे? रात्री झोप येत नाही." दुसरा म्हणतो, "झोप उडावी म्हणूनच तर पाहायचे!" या पानावर चित्रपटांची चर्चा निघाली की ती बहुधा हिंदी किंवा मराठी चित्रपटांची असते. आज आम्ही मुद्दाम एका इंग्रजी चित्रपटाकडे वळत आहोत. त्याचे नाव 'डॉग सोल्जर्स'. नील मार्शल या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट २००२ साली प्रदर्शित झाला. आमच्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांत तो अलीकडे पाहिला गेला आणि आम्ही लहानथोरांची मते विचारून घेतली. विचारता विचारता असे दिसले की चित्रपट एकच, पण प्रत्येकाने आपापला लांडगा पाहिला!

प्रथम कथानक थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ब्रिटिश सैनिकांची एक लहान तुकडी सरावासाठी उतरते. सराव कसला? रात्र पडते आणि जंगलातून नरलांडगे, म्हणजे आपल्या क्रेओल बोलीतले 'लुगारू', चालून येतात. वाटेत भेटलेली एक तरुणी या सैनिकांना आपल्या गाडीतून एका निर्जन शेतघरात नेते. दारे-खिडक्या बंद करून, गोळ्या मोजून वापरीत, पहाटेपर्यंत जीव कसा वाचवायचा एवढीच मग कथा उरते. शेवट आम्ही सांगणार नाही. ज्यांना पाहायचा आहे त्यांचा हिरमोड कशाला करायचा?

चित्रपट कमी पैशांत काढलेला आहे हे जाणकाराला लगेच कळते. कथा स्कॉटलंडची, पण चित्रीकरण बहुतेक लक्झेंबर्गमध्ये झाले. लांडगे संगणकावर काढलेले नाहीत. बॉब कीन यांच्या कारागिरांनी तयार केलेले पोशाख अंगावर चढवून माणसांनीच ती कामे केली, आणि चालण्यात डौल यावा म्हणून दिग्दर्शकाने त्यासाठी नर्तक निवडले. माणसाचा लांडगा होतानाचे दृश्यही जवळजवळ दाखवलेलेच नाही. माणूस टेबलाआड किंवा अंधारात जातो आणि पलीकडून लांडगा उभा राहतो.

पहिला मतभेद इथेच झाला. माध्यमिक शाळेत शिकणारी आमची तरुण मंडळी नाराज दिसली. त्यांचे म्हणणे असे की माणसाचे हाड न् हाड लांबताना, अंगावर केस फुटताना दिसले नाही, तर लुगारूचा चित्रपट पाहायचाच कशाला? त्यांतल्या एकाने १९८१ सालच्या 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'चा दाखला दिला. त्या चित्रपटातील रूपांतराच्या दृश्यासाठी रिक बेकर यांना रंगभूषेचे ऑस्कर मिळाले होते. मुलाचा मुद्दा खोटा नाही. परंतु सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी त्याला उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "बाळा, आमच्या लहानपणी वाडीत वीज नव्हती. उसाच्या शेतातून पानांची सळसळ आली की झाले! भूत कोणी पाहिले होते? दिसले असते तर भीती गेली असती." आमचे मत विचाराल तर आम्ही आजींच्या बाजूचे. पैसा कमी म्हणून दिग्दर्शकाने लांडगा अंधारात ठेवला असेल, पण त्या काटकसरीनेच चित्रपट तारला आहे.

दुसरा वाद विनोदावरून झाला. या चित्रपटात सैनिक मरणाच्या दारातही थट्टा करतात. इंग्लंड-जर्मनी फुटबॉल सामना चुकला म्हणून हळहळतात. सार्जंटचे पोट फाटते तेव्हा ते चक्क गोंदाने चिकटवण्यात येते! एका शिक्षिकाबाईंना हे मुळीच रुचले नाही. "रक्ताची चेष्टा करू नये," असे त्यांचे स्पष्ट मत. उलट एका निवृत्त पोलिसाने सांगितले की कठीण प्रसंगी माणसे असेच बोलतात, न बोलतील तर हातपाय गळतील. आम्हांला या वेळी 'झपाटलेला' आठवला. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या त्या मराठी चित्रपटात तात्या विंचू हा बाहुला माणसे मारतो, आणि तरी पोरे हसून हसून लोळतात. भीती आणि हसू एका ताटात वाढण्याची रीत आपल्यालाही परकी नाही.

एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत झाले. चित्रपटाच्या आरंभी कूपर नावाच्या सैनिकाची विशेष तुकडीसाठी परीक्षा चाललेली असते. कॅप्टन त्याला हुकूम देतो, या कुत्र्याला गोळी घाल. कुत्र्याने काही केलेले नसते. कूपर साफ नकार देतो आणि त्यामुळे त्याची निवड होत नाही. ज्यांना लांडगे खोटे वाटले, ज्यांना विनोद आवडला नाही, त्या सर्वांनी हे दृश्य उत्तम म्हणून सांगितले. का बरे? याचे उत्तर आम्हांला ज्या प्रेक्षकाकडून मिळाले त्याचे मत आम्ही शेवटी राखून ठेवले आहे.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. स्कॉटलंडमध्ये एके काळी लांडगे होते, ते काही शतकांपूर्वी नामशेष झाले. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात सोलापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांच्या माळरानांवर ते आजही आहेत, आणि धनगरांना आपल्या मेंढरांची राखण करावी लागते. मॉरिशसमध्ये मात्र लांडगा कधीच नव्हता. वटवाघूळ सोडले तर या बेटाचा स्वतःचा जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नाही. आपल्याकडे लांडगा आला तो फ्रेंच शब्दाच्या पाठीवर बसून, आणि कोकणातून आलेल्या वेताळ, मुंजा, हडळ यांच्या शेजारी त्यानेही बिऱ्हाड केले.

१९९४ साली या शब्दाने काय केले हे चाळिशीच्या पुढील वाचकांना आठवत असेल. फेब्रुवारीत 'हॉलंडा' चक्रीवादळ झाले. खांब पडले, तारा तुटल्या, ठिकठिकाणी कित्येक दिवस अंधार राहिला. त्या अंधारात बातमी पसरली की मध्यरात्री एक नागडा माणूस फिरतो, अंगाला तेल फासलेले असते म्हणून हाती लागत नाही, पाहता पाहता जनावर होतो. 'तूनी मिनवी' असे त्याचे नाव पडले. गावोगाव लोक काठ्या घेऊन रात्रभर पहारा देऊ लागले. आमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत जात होते.

आता त्या प्रेक्षकाचे मत. साठीच्या पुढचे हे गृहस्थ त्या काळी एका कापड कारखान्यात रात्रपाळी करीत. एका रात्री घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी दहा-पंधरा तरुणांनी त्यांना घेरले. अंधारात कोणी कोणाचे तोंड ओळखीना. कपडे अंगावर होते, पण ते पाहण्याइतका धीर कोणाला होता? शेजारच्या एका मावशींनी आवाज ओळखला आणि "अरे, हा तर आपला!" म्हणून ओरडत त्या मध्ये पडल्या. काठ्या खाली आल्या. चित्रपट पाहताना हे गृहस्थ एकदाही हसले नाहीत आणि दचकलेही नाहीत. कसा वाटला, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "सिनेमात लांडगा खरा असतो, म्हणून बंदूक शोभते. आमच्या गल्लीत लांडगा नव्हता. काठ्या मात्र खऱ्या होत्या."

या वाक्यापुढे आमची सारी परीक्षणे फिकी पडली. कूपरचा नकार सर्वांना का भावला तेही उलगडले. सगळे भ्यालेले असताना, वरून हुकूम असताना, निरपराध जिवावर हात न उचलणारा तिथे एक तरी निघाला. आमच्या गल्लीत ते काम मावशींनी केले.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आम्ही शिक्षक मंडळी मुलांना दरवर्षी सांगतो. मेंढपाळाचा मुलगा खोटे ओरडतो, आणि खरा लांडगा येतो तेव्हा कोणी धावून येत नाही. तात्पर्य, खोटे बोलू नये. परंतु १९९४ मध्ये गोष्ट उलटी घडली. ओरड खोटी होती आणि सगळा गाव धावून आला. या गोष्टीचे तात्पर्य आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, ते आपणच सांगायला हवे. हल्ली तर ओरडायला माळावर जावे लागत नाही. हातातल्या फोनवर एक बोट टेकले की लांडगा घरोघरी पोहोचतो.

तेव्हा भयपट जरूर पाहा. 'डॉग सोल्जर्स' ब्रिटनमध्ये १५ वर्षांखालील मुलांसाठी नाही, आणि रक्तपात पाहता आम्हीही तेच सांगू. मोठ्यांनी मात्र घरातल्या जाणत्या मुलांबरोबर बसून पाहावा, दचकावे, हसावे, आणि दिवा लावल्यावर त्यांना 'तूनी मिनवी'ची हकिकतही सांगावी. पडद्यावरची भीती दीड-पावणेदोन तासांत संपते. गल्लीतली भीती कोणीतरी पुढे होऊन संपवावी लागते.