उतरलेला काटा

खंबाटकी घाटाच्या चढावर जुन्या मारुती ८०० चा तापमानदर्शक काटा लाल रेषेला टेकतो आणि एकाएकी खाली येतो. चालकाला हायसे वाटते. खरा धोका तेव्हाच असतो. पाणी गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उतरतो. खतावणीत शिल्लक दिसली, तरी गल्ल्यात रोकड असेलच असे नाही! गाडी तत्काळ थांबवावी. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण निवल्याखेरीज उघडू नये. दाबाखालचे पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही, पण झाकण सैल होताच अंगावर उसळते.

पाणी पुरेसे असूनही काटा चढत असल्यास सेन्सरची तार सोडवून किल्ली फिरवावी. काटा तरीही वरच राहिला, तर दोष तारेत वा मापकात असतो. उतरला, तर सेन्सर बिघडला असेल किंवा इंजिन खरोखरच तापले असेल. अशा वेळी रेडिएटरची वरची नळी जपून चाचपावी. ती कोमटच असेल, तर थर्मोस्टॅट बहुधा उघडत नाही.