गावची गाडी ठरविताना

श्रावण सरत आला, की वरळीच्या बीडीडी चाळींत गावाचे वेध लागतात आणि जांबोरी मैदानाच्या कडेला, जिन्याच्या वळणावर, खोल्यांच्या दोन रांगांमधून जाणाऱ्या लांबलचक पॅसेजमध्ये एकच विषय निघतो: गाडी कुणाची सांगितलीत, काय दराने, किती जणांची. १९२० साली, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना, स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी उभारल्या, तेव्हापासून येथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मांडलेल्या संसाराचे दुसरे टोक कोकणात, साताऱ्यात किंवा कोल्हापुराकडे बांधलेले आहे. आगबोट गेली, एसटी आली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. आणि आता रेल्वेचे आरक्षण हाती लागणे दुरापास्त झाल्यामुळे दोन-तीन बिऱ्हाडांनी वर्गणी काढून भाड्याची गाडी करण्याचा शिरस्ता पडला आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तरी गावची वाट काही बदललेली नाही.

आमच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांसाठी गाडीचा जमाखर्च लिहिण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या वहीवरून मला जे दिसले ते असे, की किलोमीटरमागे दर कमी मिळाला म्हणजे गाडी स्वस्त पडली, ही समजूत सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. कारण बाजारभावापेक्षा फार कमी दर कोणी सांगितला, तर ती स्वस्ताई बहुधा तीनपैकी एका ठिकाणाहून कापून आणलेली असते: परवान्यातून, विम्यातून, किंवा चालकाच्या झोपेतून.

आधी अंतराचा हिशेब पाहू. वरळी ते चिपळूण सुमारे २५० किलोमीटर, जाऊन-येऊन ५००. उदाहरणादाखल किलोमीटरला १४ रुपये दर धरला तर ७,००० रुपये झाले, अशी बेरीज घरोघरी केली जाते, आणि परतल्यावर दुपटीहून अधिक रकमेचे बिल हाती पडले की फसवणूक झाल्याची भावना होते. वस्तुस्थिती अशी आहे, की बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ट्रॅव्हल्सवाले दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात. त्यांच्या हिशेबी दिवस म्हणजे चोवीस तास नव्हे, तर रात्री बारापासून पुढच्या रात्री बारापर्यंतची तारीख. आणि अंतर आपल्या दारापासून नव्हे, तर गाडी जेथून सुटली त्या गॅरेजपासून पुन्हा गॅरेजपर्यंत मोजले जाते. आता चाळीतली रीत अशी, की शुक्रवारी कामावरून येऊन, जेवूनखाऊन रात्री दहाला निघायचे आणि रविवारी रात्री गावाहून निघून सोमवारी पहाटे एकला घरी पोहोचायचे. यात शुक्रवारचे दोन तास आणि सोमवारचा एक तास यांचेही पुरे दोन दिवस धरले जातात, चार दिवसांचे किमान १,२०० किलोमीटर होतात आणि बिल १६,८०० रुपयांवर जाते. तोच प्रवास शनिवारी पहाटे चारला निघून रविवारी रात्री बाराच्या आत संपविला, तर दोन दिवस, ६०० किलोमीटर आणि ८,४०० रुपये. शिवाय चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग निराळे. सावंतवाडीसारखे पाचशे किलोमीटरच्या आसपासचे गाव असले, तर तीन दिवसांत प्रत्यक्ष धावच किमानाच्या पुढे जाते, तेव्हा या नियमाची झळ लागत नाही. ती लागते मध्यम अंतराच्या गावांना.

या पद्धतीत लबाडी आहे असे मला वाटत नाही. गाडी आपल्या अंगणात उभी राहिली, तरी तिचा हप्ता, कर आणि चालकाचा रोज थांबत नाही. आणि एकेरी भाड्यात परतीच्या रिकाम्या फेरीचा भार येतो, तोही याच कारणाने. कसूर असते ती हे सारे आधी न सांगण्यात, आणि आपल्या बाजूने न विचारण्यात. म्हणून सुटतानाचे आणि परततानाचे मीटरचे आकडे चालकासमक्ष वहीत लिहावेत, आणि दर, किमान किलोमीटर, दिवसाची व्याख्या, भत्ता व गाडीचा क्रमांक एवढा तपशील इसार देण्यापूर्वी लेखी घ्यावा. मोबाइलवरचा संदेशही चालतो.

पांढऱ्या पाटीविषयीचा गैरसमज याहून गंभीर आहे. खासगी मोटारीला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतात आणि भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी. विजेवर चालणारी गाडी असेल तर पाटी हिरवी, पण भाड्याच्या गाडीची अक्षरे पिवळी आणि खासगीची पांढरी. ‘ओळखीचीच गाडी आहे, पाटी पांढरी असली म्हणून काय बिघडलं?’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. एका वर्षी आमच्याच मजल्यावरच्या तीन बिऱ्हाडांनी अशी गाडी केली, आणि वाटेत कुणी विचारलेच तर काकांची गाडी आहे म्हणून सांगायचे, असे मुलांनाही पढविले. पनवेलच्या पुढे तपासणीत गाडी अडली. मागे आईच्या मांडीला टेकून बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीला अधिकाऱ्याने हळूच विचारले, ‘बाळ, काकांचं नाव काय?’ तिला ते ठाऊक नव्हते. गाडी तेथेच राहिली. मखराचे पुठ्ठे, शिध्याच्या पिशव्या आणि माणसे दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसली, आणि मिळेल त्या भावाने दुसरी गाडी करून पुढे गेली.

ते निभावले असे मी म्हणतो, कारण अपघात झाला नव्हता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे भाडे घेऊन माणसे नेण्यास परवाना लागतो, आणि परवान्यावाचून गाडी चालविल्यास कलम १९२-अ खाली दहा हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितलेली आहे. हा भार मालकावर व चालकावर पडतो. पण विम्याचा भार प्रवाशावर येऊ शकतो. खासगी मोटारीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादांचा मजकूर असतो आणि मोबदला घेऊन माणसे नेणे त्यातून वगळलेले असते. त्या अटीचा भंग झाला, की जबाबदारी नाकारण्यास विमा कंपनीला कायद्यानेच आधार मिळतो आणि जखमीच्या घरच्यांवर वर्षानुवर्षे दावा लढविण्याची पाळी येऊ शकते. दुसरा भेद योग्यता प्रमाणपत्राचा, ज्याला आपण ‘पासिंग’ म्हणतो. भाड्याच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरसाल तपासणीस रुजू व्हावे लागते. खासगी मोटार नोंदणीच्या पंधरा वर्षांच्या मुदतीत अशा तपासणीस येतच नाही. घाटात ब्रेकवर ज्याचा भरवसा ठेवायचा त्या यंत्राकडे सरकारी नजर शेवटची कधी गेली, हा प्रश्न शंभर-दोनशे रुपयांच्या फरकाहून मोठा आहे. गाडीचा क्रमांक एम-परिवहन अॅपवर टाकला, की तिचा वर्ग, विम्याची व पासिंगची मुदत दोन मिनिटांत कळते.

पिवळी पाटी दिसली म्हणजे सर्व काही मोकळे, असेही नाही. आपली काळी-पिवळी टॅक्सी ठराविक क्षेत्रापुरत्या परवान्यावर चालते. गावाला जाण्यासाठी टुरिस्ट परमिटाची गाडी हवी. आणि ते परमिट कंत्राटी वाहतुकीचे असल्यामुळे गाडी एका कराराने संपूर्ण दिलेली असते; वाटेत ‘एक सीट घेतो’ म्हणून चालकाने परका माणूस बसवू म्हटले, तर नको म्हणण्याचा आपल्याला पुरा हक्क आहे.

माणसांच्या संख्येबद्दल थोडक्यात सांगतो. ‘सात पासिंग’ म्हणजे चालक धरून सात. कायद्याच्या भाषेत चालकाखेरीज सहापर्यंत प्रवासी असलेली मोटार कॅब आणि त्यापुढे बारापर्यंतची मॅक्सी कॅब. मांडीवरचे मूल मोजायचे नाही, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती घातक आहे. जादा माणसामागे दंड २०० रुपयेच असला, तरी जादा माणसे उतरून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही. मागच्या आसनांवरही पट्टा सक्तीचाच आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी दगावले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी त्या वेळच्या उत्तम गाड्यांपैकी होती. मांडीवरच्या मुलाला पट्टा नसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी मोठी गाडी करण्याचा खर्च जिवावर येणार नाही.

टोलमाफीची गोष्ट निराळी. गणेशोत्सवात कोकणच्या वाटेवर सरकार टोलमाफी देते, पण ती आपोआप लागू होत नाही. परिवहन कार्यालय, वाहतूक पोलीस किंवा पोलीस ठाण्यातून गाडीच्या क्रमांकाचा पास घ्यावा लागतो आणि तोच पास परतीलाही चालतो. गाडीचा क्रमांक आदल्या रात्री कळविणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून हा पास वेळेत मिळणार कसा? मुंबईच्या पाच वेशींवरचा टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, तेव्हा तो बिलात दिसला तर जरूर विचारावे. अटल सेतूवरून गेलात तर कारचे एका बाजूचे २५० रुपये मात्र खरे आहेत.

इसार दिला आणि ऐन दिवशी गाडी आलीच नाही, तर कपाळावर हात मारून गप्प बसावे, असेही पुष्कळांना वाटते. भाड्याची गाडी ही सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे तिच्यातील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही आणि वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. येथे तो लेखी घेतलेला तपशील कामास येतो.

आता चालकाविषयी, आणि हे मला सर्वांत अगत्याने सांगावयाचे आहे. भत्ता दिला म्हणजे रात्रभर गाडी चालविण्याचे पैसे दिले, असे आपण धरून चालतो. भत्ता हा परगावी त्याच्या जेवणाचा आणि राहण्याचा खर्च आहे. जागरणाची ती किंमत नव्हे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ९१ ने कामाचे हेच तास वाहतुकीच्या गाड्यांवरील माणसांना लागू केले. सणासुदीसाठी आणि लांब पल्ल्यासाठी त्या कायद्यात मंजुरीने सवलत देता येत होती, पण तीही दिवसाला दहा तासांच्या पुढे नव्हती. आता गणपतीच्या आदल्या दोन रात्री आठवा. मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे. पेणपासून माणगावपर्यंत गाड्यांच्या रांगा लागतात, आणि एरवी दहा-अकरा तासांत होणाऱ्या कुडाळच्या वाटेला पंधरा-सोळा तास लागतात. त्यात गाडी हळू हाकून चालक मुद्दाम वेळ काढतो, असा संशय कुणी बोलून दाखवितो. वास्तविक टॅक्सीला ताशी ८० किलोमीटरवर अडकविणारा वेगनियंत्रक बसविलेला असतो, आणि किलोमीटरच्या भाड्यात सावकाश जाण्याने त्याला एक पैसा अधिक मिळत नाही.

म्हणून गाडी ठरविताना दराच्या आधी मी एक प्रश्न विचारतो: ‘चालक दादा आदल्या रात्री कुठं होते?’ तो गोव्याहून संध्याकाळीच परतला असेल, तर दुसरा माणूस मागतो, आणि त्यासाठी चार पैसे अधिक द्यावे लागले तर वर्गणीत ते घालून घेतो. गेल्या खेपेस आलेला चालक पन्नाशीचा, देवगडकडचा होता. रात्री दहालाच त्याने मैदानाशेजारी गाडी लावली आणि आसन मागे पाडून तेथेच झोपण्याच्या बेतात होता. शेजारच्या मावशी खाली उतरल्या आणि म्हणाल्या, ‘मामा, वर या. पॅसेजमध्ये वारा आहे, सतरंजी टाकून देते.’ तो आधी संकोचला, मग चपला हातात घेऊन आला. साडेतीनला आम्ही सामान उतरविताना पावले दबकत टाकीत होतो, कारण तो अजून गाढ झोपलेला होता. चारला मावशींनी त्याला हलविले, त्याने नळावर तोंड धुतले, चहा घेतला, आणि टॉर्चच्या उजेडात मीटरचा आकडा मोठ्याने वाचून मला वहीत लिहून घेण्यास सांगितले.